विश्लेषण : बादली पिचते, मग त्याच प्लास्टिकचे जाळे इतके का टिकते? मालवणच्या समुद्राला या ताकदीची किंमत काय?

दरवर्षी १ जूनला राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी थांबते. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांच्या बंदीत मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जाळी उतरवली जातात, तपासली जातात, शिवली जातात. काही पुढच्या हंगामासाठी गुंडाळून ठेवली जातात, काही कायमची टाकून दिली जातात. याच दिवसांत खवळलेला समुद्र वाळूवर तुटक्या जाळ्यांचे आणि दोरांचे पुंजके आणून टाकतो. अंगणातली प्लास्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत पिचते. पण त्याच जातीच्या प्लास्टिकचा दोर टनभर मासळीचा भार ओढतो आणि समुद्रात हरवलेले जाळे वर्षानुवर्षे मासे मारत राहते. असे का? याचे उत्तर प्लास्टिकच्या नावात सापडत नाही. ते त्याच्या आतल्या रेणूंच्या मांडणीत आहे आणि ही मांडणी कारखान्यात ठरते.

मासेमारीच्या जाळ्यात नेमके कोणते प्लास्टिक असते?

जुन्या काळी कोकणातली जाळी सुताची आणि तागाची असत, दोर काथ्याचे. ती खाऱ्या पाण्यात कुजत. म्हणून ती वरचेवर वाळवावी लागत आणि झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावी लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धागा आला आणि हे कष्ट संपले. आज किनाऱ्यावर मुख्यतः तीन प्रकारचे प्लास्टिक दिसते. गिलनेटसाठी नायलॉन; त्यातही एकेरी, पारदर्शक धाग्याला मच्छीमार तंगूस म्हणतात. ट्रॉलर जे जाळे ओढतात ते बहुतेक हाय डेन्सिटी पॉलिथिनच्या, म्हणजे एचडीपीईच्या दोऱ्याचे असते. दोरांमध्ये पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन दोन्ही आढळतात.

यांतला एक फरक समुद्रात फार महत्त्वाचा ठरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ ग्रॅम असते. तेवढ्याच आकारमानाच्या नायलॉनचे वजन १,१४० ग्रॅमच्या आसपास, एचडीपीईचे ९५० आणि पॉलिप्रॉपिलीनचे ९०० ते ९१० ग्रॅम. म्हणजे नायलॉन बुडते, उरलेली दोन्ही तरंगतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात ते प्रामुख्याने तरंगणाऱ्या दोऱ्यांचे पुंजके. बुडालेले नायलॉनचे जाळे खडकावर अडकते आणि कुणाला दिसत नाही.

या तिन्ही पदार्थांत एक साम्य आहे. ते शास्त्रीय भाषेत अर्धस्फटिकी पॉलिमर आहेत. त्यांच्या ताकदीचे आणि त्यांनी केलेल्या उपद्रवाचेही मूळ या एका शब्दात आहे.

अर्धस्फटिकी म्हणजे काय?

मीठ किंवा खडीसाखर हे पूर्ण स्फटिक. त्यांचे कण ठरावीक रांगांत बसलेले असतात. काचेत अशी रांग नसते, सगळे अस्ताव्यस्त. प्लास्टिकचे रेणू मात्र कण नसून लांबलचक साखळ्या असतात. पॉलिथिनच्या एका साखळीत हजारो कार्बन अणू एकामागोमाग जोडलेले असतात. वितळलेल्या अवस्थेत या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना त्या रांगेत बसू पाहतात, पण गुंता इतका असतो की सगळ्यांना ते जमत नाही. काही भाग नीट रांगेत बसतो, तो स्फटिकी. उरलेला तसाच गुंतलेला राहतो, तो अस्फटिकी. एकूण पदार्थात रांगेत बसलेला भाग किती, याला स्फटिकता म्हणतात.

ही साखळी सरळ उभी राहून रांगेत बसत नाही. नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशी ती पुन्हा पुन्हा स्वतःवर दुमडते. ब्रिस्टल विद्यापीठातील अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये पॉलिथिनच्या सूक्ष्म स्फटिकांच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. अशा निऱ्यांच्या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी असते. एक साखळी एका पापुद्र्यातून निघून मधल्या गुंत्यातून दुसऱ्या पापुद्र्यात शिरते, तेव्हा ती दोघांमधला दुवा बनते. ओढ बसल्यावर पदार्थ एकसंध राहतो तो मुख्यतः या दुवा-साखळ्यांमुळे. पापुद्रे ताठरपणा देतात, मधला गुंता लवचीकपणा देतो आणि दुवे दोघांना बांधून ठेवतात.

दुधाची पिशवी आणि माशांचा क्रेट यांच्यातला फरक इथेच आहे. दोन्ही पॉलिथिनच. पिशवीच्या पॉलिथिनच्या साखळ्यांना फाटे असतात. त्यामुळे त्या दाटीने बसत नाहीत, स्फटिकता साधारण निम्म्याच्या आसपास राहते आणि पिशवी मऊ होते. क्रेटच्या एचडीपीईच्या साखळ्या जवळपास सरळ असतात. त्यात स्फटिकता ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि क्रेट कडक होतो. कमी दाबावर असे सरळ साखळ्यांचे पॉलिथिन बनवण्याची पद्धत जर्मनीतील कार्ल झिगलर यांनी १९५३ मध्ये शोधली. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्यांना शिस्त लावणारे काम इटलीतील जूलिओ नाट्टा यांनी केले. दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

थंड कसे केले, यावर गुण का ठरतात?

गूळ करणाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. तोच रस, पण आच, घोटणे आणि थंड करण्याची पद्धत बदलली की ढेप वेगळी बनते. प्लास्टिकचेही तसेच आहे. वितळलेले प्लास्टिक सावकाश थंड केले तर साखळ्यांना रांगेत बसायला वेळ मिळतो. स्फटिकता वाढते आणि पापुद्रे शेवंतीच्या पाकळ्यांसारखे एका केंद्राभोवती पसरत मोठे गोलक तयार होतात. पदार्थ ताठ होतो, पण मोठ्या गोलकांच्या सीमांवर दुवे विरळ असतात आणि धक्का बसला की तडा तिथूनच जातो. झटकन थंड केले तर गोलक बारीक राहतात, गुंता जास्त उरतो आणि पदार्थ तुलनेने चिवट होतो.

तंगूस तयार करताना नायलॉन साधारण २२० अंश सेल्सिअसच्या वर वितळवून बारीक छिद्रांतून दाबून बाहेर काढले जाते आणि लगेच पाण्याच्या टाकीत सोडले जाते. त्यामागे हेच कारण. स्फटिकांचे गोलक मोठे झाले तर ते प्रकाश विखुरतात आणि धागा पांढुरका दिसतो. झटकन थंड केलेला धागा पारदर्शक राहतो. पाण्यात तो माशाला दिसत नाही. सुरमई किंवा सरंग्याच्या गिलनेटला मासा लागण्यात या पारदर्शकतेचा वाटा मोठा असतो. म्हणजे कारखान्यातल्या टाकीतल्या पाण्याचे तापमान आणि मालवणच्या मच्छीमाराच्या टोपलीतली मासळी यांचा थेट संबंध आहे.

ताणल्याने ताकद कुठून येते?

थंड झालेला धागा अजून जाळ्याच्या लायकीचा नसतो. खरे काम पुढे होते. धागा गरम पाण्यातून किंवा गरम हवेतून नेताना पुढची रिळे मागच्या रिळांपेक्षा कितीतरी पट वेगाने फिरवली जातात. त्यामुळे धागा मूळ लांबीच्या अनेक पट ताणला जातो. या ओढीत निऱ्या उलगडतात, पापुद्रे फुटतात, साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि त्याच दिशेने नव्याने रांगेत बसतात.

याची छोटी प्रचिती घरी घेता येते. दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापून दोन्ही हातांनी सावकाश ओढली, तर आधी मधला भाग एकाएकी अरुंद होतो, मग तो अरुंद भाग लांबत जातो आणि शेवटी पट्टी हाताला कापेल इतकी कडक होते. प्लास्टिक तेच, वजन तेच. साखळ्या फक्त एका दिशेला वळल्या.

आकड्यांत हा फरक थक्क करणारा आहे. साच्यात ओतून केलेली एचडीपीईची वस्तू दर चौरस मिलिमीटरला साधारण २५ ते ३० न्यूटन ओढ सोसते. म्हणजे अडीच-तीन किलोचा भार. त्याच एचडीपीईच्या ताणलेल्या धाग्याची ताकद त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असते. डीएसएम या डच कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिथिन द्रावकात विरघळवून, त्याचा गुंता कमी करून मग ताणण्याची पद्धत काढली. त्या धाग्याची ताकद सुमारे ३,००० न्यूटनपर्यंत जाते आणि वजनाच्या हिशेबात तो पोलादाला मागे टाकतो. मोठ्या जहाजांचे दोर आणि महागडी जाळी आज त्याची बनतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो आणि दुधाची पिशवी एकाच कुळातले.

मात्र ही ताकद एकाच दिशेची असते. सिमेंटच्या विणलेल्या गोणीची पट्टी लांबीच्या दिशेने तोडता येत नाही, पण नखाने उभी चिरता येते. प्लास्टिकची सुतळीही अशीच उभी फाटते. बादली सर्व दिशांना सारखीच कमकुवत, तर दोर एका दिशेने प्रचंड मजबूत आणि आडव्या दिशेने कच्चा.

गाठ आणि आस यांचा याच्याशी काय संबंध?

जाळे म्हणजे हजारो गाठी. गाठीत धागा वाकतो, दाबला जातो आणि आडवी ओढ सोसतो. म्हणजे जिथे तो कच्चा आहे तिथेच भार येतो. म्हणून गाठीपाशी धाग्याची ताकद बरीच घटते आणि जाळे बहुधा गाठीजवळ तुटते. दुसरी अडचण अशी की जोराने ताणलेल्या साखळ्यांना पुन्हा आखडायचे असते. नव्या जाळ्याला तसेच पाण्यात सोडले तर गाठी सरकतात आणि आस, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचे माप, बदलू शकते.

यावर उपाय म्हणून विणलेले जाळे ताणून धरून वाफेने किंवा गरम पाण्याने ठरावीक वेळ तापवले जाते. या तापवण्यात अर्धवट राहिलेले स्फटिक पूर्ण होतात, अडकून राहिलेला ताण सुटतो, गाठ घट्ट बसते आणि आस स्थिर होते. ताप कमी पडला तर गाठ सैल राहते, जास्त झाला तर साखळ्या पुन्हा दुमडतात आणि धाग्याची ताकद जाते. एकाच प्रकारच्या धाग्याची दोन जाळी वेगवेगळी टिकतात, त्यामागचे एक मोठे कारण ही शेवटची पायरी आहे.

नायलॉनच्या बाबतीत पाण्याचाही हिशेब आहे. पाण्याचे रेणू त्याच्या अस्फटिकी भागात शिरतात. पुरेसा वेळ बुडून राहिल्यास नायलॉन स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी पिऊ शकते. त्यामुळे ताकद काहीशी घटते, पण धागा मऊ आणि जास्त ताणणारा होतो. माशाची धडक झेलायला हे सोयीचे असते. एचडीपीई जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून ओल्या-सुक्यात त्याची ताकद बदलत नाही. गिलनेटला नायलॉन आणि ट्रॉलला एचडीपीई ही निवड किमतीइतकीच या गुणांवरही ठरली आहे.

आसेचा प्रश्न कायद्याचाही आहे. ट्रॉलच्या शेपटाच्या पिशवीला किमान ४० मिलिमीटरची चौकोनी आस असावी, असा राज्यातला नियम आहे. शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसताच मिटते आणि मासळीची पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्ले सुटतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने गेल्या दशकात जो सागरी जैवविविधता प्रकल्प राबवला गेला, त्यात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने अशा जाळ्यांचा प्रसार झाला. कागदावरची ४० मिलिमीटरची आस पाण्यातही तेवढीच राहण्यासाठी धागा न आखडणारा आणि गाठ न सरकणारी हवी. म्हणजे नियमाची अंमलबजावणी काही अंशी कारखान्यातल्या त्या तापवण्यावर अवलंबून आहे.

उन्हात प्लास्टिक का पिचते?

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण साखळ्या तोडतात आणि हवेतला प्राणवायू ही तोडमोड पुढे नेतो. पण हा प्राणवायू दाट बसलेल्या स्फटिकी भागात शिरू शकत नाही. तो शिरतो मधल्या गुंत्यात. दोन पापुद्र्यांना बांधणारे दुवे नेमके तिथेच असतात. ते एकेक करून तुटत जातात.

पुढची गोष्ट उलटी वाटते. तुटलेल्या आखूड साखळ्या गुंत्यातून मोकळ्या होतात आणि रांगेत बसतात. त्यामुळे उन्हात जुन्या झालेल्या प्लास्टिकची स्फटिकता वाढते. पण ही वाढ ताकदीची नसते. पापुद्रे जाड झाले, दुवे संपले. पदार्थ ताठ होतो आणि ठिसूळही. पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि बोटाने चोळले तरी भुकटी निघते. ओट्यावरची बादली पिचते ती अशी. पावसाळ्यात घरावर टाकलेली निळी ताडपत्री पुढच्या उन्हाळ्यात चिंध्या होते तीही अशीच. स्फटिकता जास्त म्हणजे माल चांगला, हे सरसकट खरे नाही. साखळ्या किती लांब आहेत, कोणत्या दिशेने बसल्या आहेत आणि दुवे किती शिल्लक आहेत, हे तिघे मिळून ताकद ठरवतात.

जाळ्याच्या धाग्यात अतिनील किरणांना अटकाव करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती नसतील तर या तीन पदार्थांत पॉलिप्रॉपिलीन सर्वांत लवकर खराब होते. काळ्या रंगाचा दोर उन्हात जास्त टिकतो, कारण त्यातली काजळी किरण शोषून घेते. धागा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त आणि ऊन तितके आत पोहोचणारे. म्हणून बारीक तंगूसाचे जाळे लवकर निकामी होते. त्यातच ते शिवणे किचकट. परिणामी मच्छीमाराला दुरुस्तीपेक्षा नवे जाळे घेणे परवडते आणि जुन्याचा ढीग वाढतो.

मग समुद्रात हरवलेले जाळे का पिचत नाही?

कारण पाण्याखाली ऊन पोहोचत नाही. काही मीटर खोलीवर, गढूळ पाण्यात तर त्याहून आधीच, अतिनील किरण क्षीण होतात. तापमान स्थिर राहते. वर शेवाळ आणि कालवे चढली की उरलासुरला प्रकाशही अडतो. जिवाणूंना स्फटिकी भाग पचवता येत नाही. जी मांडणी माशाची धडक झेलण्यासाठी कारखान्यात मुद्दाम घडवली, तीच जाळे हरवल्यावर त्याला मरू देत नाही.

मालवणला ही बाब जास्त गंभीर आहे, कारण इथला समुद्रतळ सगळीकडे वाळूचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक आणि प्रवाळ आहेत. याच भागात १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य अधिसूचित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. खडकावर नायलॉनचे जाळे अडकले की ते लाटेबरोबर घासत राहते, प्रवाळ मोडते आणि मासे अडकवत राहते. अडकलेला मासा खायला खेकडे येतात, तेही अडकतात. याला जगभर घोस्ट नेट म्हणतात. तरंगणाऱ्या एचडीपीईच्या पुंजक्यांत ऑलिव्ह रिडले कासवांचे पाय गुंततात. तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ही कासवे अंडी घालायला येतात.

जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवायला मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ मध्ये सुरू केली. मच्छीमाराचे जाळे ही त्याची पुंजी असते, हे या योजनेने मान्य केले. पण हरवलेल्या किंवा जुन्या जाळ्याचे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. जहाजांनी जाळी समुद्रात टाकण्यावर १९८८ पासून लागू झालेल्या मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टाने बंदी आहे. तरीही पॅसिफिकमधल्या मोठ्या कचरापट्ट्यातील प्लास्टिकच्या वजनात ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आहे, असा अंदाज २०१८ मधल्या एका अभ्यासाने मांडला.

जुन्या जाळ्यापासून नवे जाळे का बनत नाही?

भंगारवाल्याने नेलेले जाळे वितळवले जाते. वितळताच सगळी मांडणी पुसली जाते. सरळ साखळ्या पुन्हा गुंततात. ती पुन्हा ताणून घडवता येईल, पण उन्हाने साखळ्या आखूड केलेल्या असतात आणि मालात वाळू, मीठ, शंखांचे तुकडे आणि दुसऱ्या जातीचे प्लास्टिक मिसळलेले असते. बारीक धागा ताणताना असा एक कणही पुरतो, धागा तिथेच तुटतो. शिवाय नायलॉन आणि पॉलिथिन एकत्र वितळवले तर ते तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. त्यामुळे जुन्या जाळ्यांचे बहुधा कुंड्या, पाइप, फळ्या असे कमी ताकदीचे सामान बनते.

नायलॉन ६ या प्रकाराला मात्र एक वाट आहे. त्याच्या साखळ्या रासायनिक क्रियेने तोडून मूळ घटक, कॅप्रोलॅक्टम, परत मिळवता येतो आणि त्यापासून अगदी नव्यासारखे नायलॉन करता येते. इटलीच्या अॅक्वाफिल कंपनीचा स्लोव्हेनियातला कारखाना २०११ पासून हे करतो आणि त्यासाठी जुनी जाळी विकत घेतो. पण त्यासाठी जाळी जातीनुसार वेगळी केलेली, शिसे आणि बोये काढलेली आणि मोठ्या प्रमाणात एका जागी जमलेली हवीत. मालवणसारख्या विखुरलेल्या किनाऱ्यावर नेमके हेच अवघड आहे.

कुजणारी जाळी हा उपाय ठरेल का?

दक्षिण कोरियाने पीबीएस नावाच्या, समुद्रात हळूहळू कुजणाऱ्या प्लास्टिकची गिलनेट मच्छीमारांना दिली आहेत. नॉर्वेतही त्यांच्या चाचण्या झाल्या. हे प्लास्टिकही अर्धस्फटिकीच आहे आणि त्यालाही ताणूनच ताकद येते. पण ती नायलॉनइतकी येत नाही. धागा अधिक ताठ राहतो आणि कॉड माशांवरच्या चाचण्यांत नायलॉनच्या तुलनेत मासे कमी लागले. पेच स्पष्ट आहे. जिवाणूंना शिरता यावे म्हणून मांडणी सैल ठेवली तर ताकद जाते. ताकद राखली तर जाळे लवकर कुजत नाही. आधीच घटत्या मासळीने गांजलेल्या आणि पर्ससीन व एलईडी मासेमारीशी झगडणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला कमी मासे देणारे महाग जाळे घ्या, असे सांगणे न्याय्य ठरणार नाही. त्याचा भार कुणीतरी वाटून घ्यावा लागेल.

मच्छीमारांच्या हातात काय आहे?

रेणूंची मांडणी दिसत नसली तरी तिची काळजी घेता येते. जाळे होडीवर किंवा वाळूवर उघडे न ठेवता सावलीत किंवा झाकून ठेवले, तर दुवे तुटण्याचा वेग बराच कमी होतो. बंदीच्या काळात ते उन्हात वाळवत ठेवण्याची गरज नसते. नायलॉन सुतासारखे कुजत नाही. इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळ पॉलिथिनचा दोर ठेवू नये. ते १३० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधीच ताणलेल्या साखळ्या आखडू लागतात. घर्षणाने दोर चकाकू लागला किंवा एखाद्या जागी कडक झाला, तर तिथली मांडणी बिघडली असे समजावे. नवे जाळे घेताना भिजवल्यावर गाठ सरकते का आणि आस मोजल्यावर तेवढीच राहते का, हे पाहणे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

पुढे काय?

प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक कराराची बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला तोडग्याविना संपली. मासेमारीच्या साहित्याचा मुद्दा त्या चर्चेतही होता. देशात प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी २०२२ ची व्यवस्था वेष्टनांपुरती आहे. चिप्सच्या पाकिटाचा हिशेब द्यावा लागतो, जाळ्याचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा वीज, कर्ज आणि विम्याच्या सवलतींसोबत जुन्या जाळ्याचा प्रश्नही हाती घेता येईल.

त्यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. बंदरावर जुनी जाळी जमा करण्याची जागा, नायलॉन आणि पॉलिथिन वेगळे ठेवण्याची शिस्त, जमा केलेल्या जाळ्यामागे नव्या जाळ्यावर काही सूट, आणि जाळे हरवल्यास शिक्षेची भीती न बाळगता कळवता येईल अशी नोंद. केरळात कोल्लमजवळ शक्तिकुळंगरा बंदरात २०१७ पासून बोटी जाळ्यात आलेला प्लास्टिक कचरा समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणू लागल्या आणि तो रस्त्याच्या कामात वापरला गेला. सिंधुदुर्गात पावसाळी बंदीचे ६१ दिवस अशा कामासाठी आयते मिळतात, कारण तेव्हा जवळपास सगळी जाळी किनाऱ्यावरच असतात. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की निकामी जाळ्यांतली काही पुन्हा समुद्राकडेच जातात आणि एकदा तळाला लागलेले नायलॉन परत आणणे मच्छीमाराच्या हातात उरत नाही.